माणिकप्पांच्या मशिनी

आमच्या देगलूरच्या कॉलेजात एक वस्तू अशी सापडायची नाही जिच्यावर कुणा गेलेल्या माणसाचं नाव नाही. पाण्याच्या टाकीवर कुणाची आई, बाकांवर कुणाचे सासरे, फाटकावर कुणाचे आजोबा. ग्रंथालयातल्या पंख्यांच्या पात्यांवरही लाल रंगात नावं आहेत. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून एक देणगीदार मला भर मे महिन्यात पंखा बंद ठेवायला सांगून गेला होता. मी इथली ग्रंथपाल. नाव सिंधु, डोकं तापट, आणि निवृत्ती जवळ आल्यामुळे आता कुणाची भीडभाड ठेवत नाही. राजकन्याबद्दल मीच लिहायला हवं, कारण ती स्वतः काही बोलणार नाही आणि बाकी सगळ्या गावाला वाटतं की पोरीचं फार भलं झालं.

राजकन्या आमच्या कॉम्प्युटर लॅबची सहायक. तिची लॅब आणि माझं ग्रंथालय यांच्यामध्ये प्लायवुडची एक भिंत आहे, त्यामुळे तिकडचं सगळं मला ऐकू येतं. मशीन अडली की ती तिच्याशी बोलते. "चल की बाई, काय तमाशा लावलायस सकाळी सकाळी," असं. ती मूळची उदगीरची. तिचे वडील केरबा तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. पोरीचं नाव राजकन्या ठेवलं म्हणून बरोबरीचे हमाल हसले, तेव्हा ते म्हणाले होते, "नावाला काय हमाली पडती का?" हा किस्सा ती स्वतःच सांगते आणि स्वतःच हसते. नांदेडला राहून तिनं डिप्लोमा केला, आमच्याकडे कंत्राटावर लागली आणि दरवर्षी कंत्राट वाढवून घेत इथंच राहिली. लग्न झालं लातूरच्या आनंदराजशी. तो तिथं ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मेकॅनिक. ती देगलूरला, तो लातूरला. शनिवारी संध्याकाळी ती उदगीरमार्गे एसटीनं जायची आणि सोमवारी सकाळी परत यायची. चार वर्षं त्यांचा संसार असा रविवारचा चालला होता.

पण तिचं खरं दुखणं वेगळं होतं आणि ते फक्त मला माहीत होतं. दुपारी डबा खायला ती माझ्याकडे यायची. एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मॅडम, इथं कुणालाबी अडलं की मला विचारतेत. मला अडलं तर मी कुणाला विचारू?"

मी म्हटलं, "नेटवर विचार."

"विचारते की. तिकडचं माणूस इंग्रजीत चार ओळी लिहितंय, त्यातल्या तीन मला कळतेत, चौथीत सगळं अडकतंय. शेजारी बसून कुणी दाखवलं न्हाई मला कधी. लई एकटं वाटतंय बघा."

आमच्या संगणक विभागातले प्राध्यापक वाईट नाहीत. त्यांना तास असतात, परीक्षा असतात, आणि निवडणूक आली की मतदार याद्यांचं काम असतं. मशिनी राजकन्या बघते हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, इतकंच. एखाद्याला काम येतं हे एकदा लोकांना कळलं की त्याची सुटका नसते.

आता लॅबच्या मशिनींवरच्या नावाचं सांगते. इथल्या मोंढ्यातले मोठे आडते संगप्पा शेठ यांचे वडील माणिकप्पा वारले. लिंगायत मंडळी कैलासवासी न म्हणता लिंगैक्य म्हणतात. तर लिंगैक्य माणिकप्पांच्या स्मरणार्थ शेठनी अख्खी लॅब नवी करून दिली. नव्या कोऱ्या विंडोजच्या मशिनी आल्या. शेठची एकच इच्छा होती, प्रत्येक मशिनीवर अप्पांचं नाव पाहिजे. पेंटर बोलावला गेला. काळ्या पडद्याच्या कडेला तो लाल रंगात काय लिहिणार, याची चर्चा चालू असताना राजकन्या उत्साहात बोलून गेली, "शेठ, रंग कशाला? मशीन चालू केली की अप्पांचं नाव आतूनच दिसंल असं करते."

नवी मशीन पहिल्यांदा चालू केली की ती विचारते, वापरणारा कोण? तिथं हिनं प्रत्येक मशिनीवर मराठीत टाइप केलं, लिंगैक्य माणिकप्पा. उद्घाटनाला सगळ्या मशिनी एकदम चालू केल्या आणि सगळ्या पडद्यांवर ते नाव उजळलं. संगप्पा शेठ खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसत उभे राहिले. तेव्हापासून दर सोमवारी, देवळातून येताना, ते लॅबमध्ये येतात. राजकन्या एक मशीन चालू करते. ते नावाला हात जोडतात आणि जातात. मी देणगीदारांना कितीही शिव्या घालत असले तरी त्यांना तसं उभं बघून मला कधी हसू आलं नाही.

यंदा अभ्यासक्रम बदलला. पोरांना डेटा सायन्स आलं आणि त्यासाठी प्रत्येक मशिनीवर पॅकेज मॅनेजर नावाचं एक सॉफ्टवेअर लागणार होतं. हे काय असतं म्हणून मी राजकन्याला विचारलं.

"मॅडम, किराणा दुकानात जाऊन म्हणलं की पुरणपोळीचं सामान द्या, तर चांगला दुकानदार काय करतो? डाळ देतो, गूळ देतो, वेलदोडे देतो, वर विचारतो कणीक घरात हाय का. ह्ये तसंच हाय. एक मागितलं की त्याला लागणारं सगळं आणून देतंय, एकमेकाला जुळवून देतंय."

"मग सरळ दुकानदार म्हण की."

"दुकानदारच. पण आधी त्यालाच प्रत्येक मशिनीत नेऊन बसवाय लागतंय. तिथंच खरी कसरत हाय."

त्याच सुमाराला तिला लातूरचं काम मिळालं. एका क्लासवाल्यांचं मोठं परीक्षा केंद्र होतं, मुलं कॉम्प्युटरवर सराव परीक्षा देतात तसलं. मुलाखत देऊन आली ती नाचतच. मी म्हटलं, सगळं आलं वाटतं. तर म्हणाली, "न्हाई मॅडम! एक प्रश्न आलाच न्हाई! त्या दामिनी मॅडम हायत ना, टीमच्या मुख्य, त्यांनी कागद घेतला आणि माझ्या शेजारी बसून मला समजावून सांगितला. तिथं माझ्यापेक्षा जास्त कळणारी चार-पाच माणसं हायत. हाक मारायच्या अंतरावर!"

प्रश्न आला नाही म्हणून एवढी खूश झालेली उमेदवार मी दुसरी पाहिलेली नाही.

एक तारखेला रुजू व्हायचं होतं. पण आमच्या संस्थेची एक जुनी रीत आहे. माणूस कामाला लागला की त्याची मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या लोखंडी कपाटात जमा होतात आणि संस्थेनं सोडल्याशिवाय ती हातात पडत नाहीत. हे कुठल्या कायद्यात बसतं असं मी एकदा भर बैठकीत विचारलं होतं, तेव्हा सगळ्यांना चहा आला. लातूरवाल्यांना मूळ कागद बघायचे होते. राजकन्या प्राचार्यांकडे गेली. आमचे प्राचार्य भगवानराव कुणाला नाही म्हणत नाहीत. ते अट घालतात.

"जा की बाई, तुला कोण अडवतंय? फक्त नव्या अभ्यासक्रमाची लॅब उभी कर, प्रात्यक्षिक परीक्षा पार पाड. त्याच दिवशी कागद घेऊन जा."

परीक्षा महिनाअखेरच्या शनिवारी होती. वेळ अगदी काटोकाट होता, तरी ती कामाला लागली.

मागच्या खोलीत उबंटू या फुकटच्या सिस्टिमवर चालणाऱ्या जुन्या मशिनी होत्या. त्यांचं तिला कधी टेन्शन नसतं. "ह्या गरीब हायत, सांगितलं तेवढं ऐकतेत," म्हणायची. डब्याच्या वेळेपर्यंत त्या सगळ्या उरकल्या. मग प्राचार्यांच्या केबिनमधला मॅक कॉम्प्युटर. परदेशी गेलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं तो भेट दिलेला, त्यावर भरतकाम केलेला रुमाल असतो. परीक्षेशी त्याचा काही संबंध नव्हता, पण प्राचार्य म्हणाले, सगळीकडे बसवतेस तर माझ्यावरही बसव. मॅकनं पासवर्ड मागितला. तो गुप्त, म्हणून प्राचार्य स्वतः टाइप करायला बसले. मशिनीला हुकूम देण्याची जी काळी खिडकी असते, तिच्यात पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही. त्यामुळे त्यांना वाटलं कळ दाबलीच गेली नाही, आणि ते एकेक अक्षर पुन्हा पुन्हा दाबत बसले. मग मॅकला लागणारी अवजारं आधी नेटवरून उतरवावी लागली, आणि आमच्या नेटची चाल तर सगळ्यांना माहीतच आहे. ती दुपार अशी गेली.

शेवटी माणिकप्पांच्या मशिनी. भिंतीपलीकडून नेहमीचं बोलणं ऐकू येत होतं. "बस बाबा, बस एकदाचा." मग बोलणं थांबलं. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा मी उठून गेले. ती खुर्चीवर बसली होती आणि पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी होतं. तिनं बोट ठेवून दाखवलं. इंग्रजी ओळीच्या मधोमध, जिथं माणिकप्पांचं नाव असायला हवं, तिथं नुसती प्रश्नचिन्हं ओळीनं उभी होती.

तिनं मला समजावलं. वापरणाऱ्याचं जे नाव देतो, त्याच नावाचं एक घर मशीन आत बांधते. हे सॉफ्टवेअर त्या घरात राहायला जातं. घराचं नाव मराठीत, त्यात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा. त्याला ते वाचता येत नाही, म्हणून दारातच अडखळतं. तिनं नाव बदलून पाहिलं होतं. पडद्यावरची पाटी बदलली, आतलं घर जुन्याच नावाचं राहिलं. एका मशिनीवर झालं ते सगळ्या मशिनींवर होणार होतं.

"माझ्याच हातानं केलं मॅडम," ती म्हणाली. "कुणी सांगितलं होतं मला शहाणपण?"

उपाय होता. साध्या इंग्रजी नावाचं नवं खातं उघडायचं. पण प्राचार्यांनी हात वर केले. संगप्पा शेठनी मुलींच्या वसतिगृहाचा शब्द दिला होता. "त्यांना विचारल्याशिवाय अप्पांच्या नावाला धक्का लावायचा नाही. वसतिगृह गेलं तर तू बांधून देणार का?"

मग मीही तिच्याबरोबर मोंढ्यात गेले. शेठ आडतीच्या गादीवर बसले होते, कपाळाला भस्म. "बा अव्वा, बस," म्हणाले. बा अव्वा म्हणजे ये आई; देगलूरकडची जुनी माणसं अशी कानडीतच माया करतात. राजकन्यानं सगळं सांगितलं.

"म्हंजी माझ्या अप्पाचं नाव त्याला वाचता येत न्हाई?"

"न्हाई येत, शेठ."

"अप्पालाबी न्हवतं येत," शेठ म्हणाले. "अंगठा करायचा. नाव लिहिलेलं दिसलं की विचारायचा, ह्येच का माझं? म्हणून मला लई वाटलं होतं, मोठ्या अक्षरात दिसावं."

राजकन्याचे डोळे भरले. माझेही भरले, उगाच कशाला लपवू. ती म्हणाली, "मी नाव काढत न्हाई, शेठ. शेजारी एक साधं खातं उघडते. पोरं त्यात काम करतेल. अप्पांचं हाय तसंच राहील, तुम्ही आल्यावर तेच उघडून दाखवीन."

शेठनी होकाराची मान हलवली. "हौदु. कर तसं." मग सहज विचारलं, "पण इतकी घाई काहून करायलीस?"

राजकन्यानं तोंड उघडलं. तिच्या ओठावर काय आहे ते मला दिसत होतं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "मालक लातूरला हायत. लग्नाला चार वर्षं झाली, अजून एका घरात ऱ्हायलो न्हाई. तिकडं काम भेटलंय."

"अरे रे," शेठ मनापासून कळवळले. "मालकाचं नाव काय? काय करतेत?"

तिनं सांगितलं. आनंदराज, ट्रॅक्टरचा मेकॅनिक.

"बरं," शेठ म्हणाले. "बघू."

परत येताना मी तिला विचारलं, खरं का नाही सांगितलंस म्हणून. ती म्हणाली, "काय सांगू? मला शिकायचं हाय म्हणलं तर म्हणतेल, अजून किती शिकती. नवऱ्याकडं जायचं हाय म्हणलं की कुणी अडवत न्हाई." आमच्या भागात बाईनं घराबाहेर पडायचं म्हटलं तर कारण घरचंच द्यावं लागतं. मी ते आयुष्यभर पाहत आले आहे.

मग तिनं झपाट्यानं काम केलं. सगळ्या मशिनींवर साधं खातं उघडलं, सॉफ्टवेअर कुणाच्याही घरात न ठेवता थेट ड्राइव्हच्या दारात, सगळ्यांसाठी बसवलं. प्लायवुडपलीकडून एकेका मशिनीचं "झालं" ऐकू यायचं. शेवटच्या मशिनीला तिनं मला बोलावून नेलं. पडद्यावर ओळी भराभर सरकत होत्या, लागेल ते सामान एकामागून एक येत होतं, आणि ती हाताची घडी घालून उभी राहून बघत होती. इतक्या सुखात मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी परीक्षा झाली. नांदेडहून आलेले परीक्षक खूश झाले, एकाही पोराची मशीन अडली नाही. दुपारी राजकन्या माझ्याकडे आली, वेणी नीट केली आणि म्हणाली, "चला मॅडम, कागद आणू. संध्याकाळची गाडी मिळंल."

केबिनमध्ये संगप्पा शेठ बसले होते. टेबलावर पेढ्यांचा पुडा उघडा होता. आणि शेठच्या शेजारी, नवा शर्ट घालून, संकोचून खुर्चीच्या टोकावर आनंदराज बसला होता.

राजकन्या दारातच थांबली.

"ये अव्वा," शेठ म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "तू माझ्या अप्पाचं नाव राखलंस. मी तुझं काय करू म्हणलं? माझ्या पुतण्याचं इथं ट्रॅक्टरचं शोरूम हाय. तुझ्या मालकाला हेड मेकॅनिक करून घेतलं. पगार लातूरपेक्षा जास्त. ऱ्हायला मागच्या दोन खोल्या."

"मी कालच तिकडलं काम सोडलं," आनंदराज म्हणाला. तो तिच्याकडे बघून हसत होता. "तुला सांगितलं न्हाई. म्हणलं, एकदम जाऊनच दाखवावं. आता रोज एका ताटात जेवू."

खोटं कशाला बोलू, त्या पोराचा मला राग आला नाही. चार वर्षं रविवारची वाट बघितलेला माणूस होता तो, आणि त्याला खरंच वाटत होतं की बायकोला हेच हवं आहे. तिनं त्यालाही तेच सांगितलं होतं.

भगवानराव पेढा तिच्या हातावर ठेवत म्हणाले, "आता लातूरला जायचं कारणच उरलं नाही. कागद राहू देत कपाटात, तिथं सुरक्षित आहेत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, तिला शिकायला जायचंय. तिथं तिला शिकवणारी माणसं आहेत."

सगळे हसले. चांगल्या मनानं हसले, कौतुकानं. "हिला?" प्राचार्य म्हणाले. "हिला कोण शिकवणार, मॅडम? अख्ख्या तालुक्यात हिच्याइतकं कुणाला येत नाही." आनंदराजही अभिमानानं हसला. शेठनी मान डोलावली. त्या खोलीत तिचं वाईट चिंतणारं एकही माणूस नव्हतं. भांडायला समोर कुणीतरी वैरी लागतो.

राजकन्यानं शेठना हात जोडले. "लई उपकार झाले," म्हणाली. आनंदराजला म्हणाली, "तुम्ही चहा घ्या, मी आलेच." आणि माझ्यामागून ग्रंथालयात आली.

मी तिला म्हटलं, जा तू, कागदांचं मी बघते, भांडते, वकील करते. तिनं नुसतं मान हलवून नाही म्हटलं. "त्यांनी काम सोडलंय, मॅडम," म्हणाली. "आता मी तिकडं गेले तर पुन्हा तेच. आणि नवऱ्याला सोडून कशाला गेली, ह्येचं उत्तर मी कुणाकुणाला देऊ?"

मग तिनं मोबाईल काढला आणि लातूरला दामिनी मॅडमना फोन लावला. उभ्याउभ्याच बोलली. सोमवारी, एक तारखेला, येत नाही म्हणाली, माफ करा म्हणाली. तिकडून कारण विचारलं असावं. तिनं मान वळवून भिंतीकडे बघितलं, आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "घरची अडचण हाय, मॅडम."

तिकडून लगेच बरं म्हणाले असणार, कारण फोन तिथंच संपला. घरची अडचण म्हटलं की पुढं कुणीच काही विचारत नाही.